ओबीएम पाण्याखालच्या खोडावर आदळून बोटीत उलटू नये, यासाठी बांधणी कशी असावी?

प्रश्न : पाणथळ_पुणे

नमस्कार. पुण्यातील आमचा एक छोटा गट उजनीच्या फुगवट्यावर, मुख्यतः भिगवण ते पळसदेव या पट्ट्यात, पाणपक्ष्यांच्या नोंदी घेण्याचे काम करतो. आमच्याकडे १६ फुटी फायबरची बोट असून तिला ४० अश्वशक्तीचे, स्टिअरिंगवर चालणारे आणि हायड्रॉलिक टिल्ट (तेलाच्या दाबाने मशीन वर उचलण्याची सोय) असलेले ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले मशीन, आहे. बोट चालवणारा मधोमध बसतो आणि नोंदी घेणाऱ्यांपैकी एक-दोन जण मागच्या आडव्या फळीवर, म्हणजे मशीनला जवळजवळ पाठ लावून बसतात. हे बहुधा महाविद्यालयातील विद्यार्थी असतात, आणि माझी काळजी त्यांच्याविषयी आहे.

उजनी ज्यांना ठाऊक आहे त्यांना तेथील अडचण वेगळी सांगायला नको. धरणाचे पाणी चढले तेव्हा जुनी गावठाणे, विहिरींचे कठडे, बांधावरच्या बाभळी हे सारे जागच्या जागी बुडाले. पूर्ण भरलेली पातळी आणि शून्य पातळी (उपयुक्त साठा संपतो ती पातळी) यांत जेमतेम ६ मीटरचा फरक असल्यामुळे, दिवाळीत ज्या खोडावरून बोट निर्धास्त जाते तेच खोड मार्चमध्ये पृष्ठभागाच्या हातभर खाली येऊन उभे राहते. धरण उणे पातळीत गेल्यावर तर पळसदेवचे जुने मंदिरच वर येते, पण ते निदान दिसते. न दिसणाऱ्या गोष्टींचे काय करावे, हा प्रश्न आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर परतीच्या वाटेवर, वेग बेताचा असतानाच, मशीनचा लेग, म्हणजे पाण्यात उतरणारा पंख्याकडचा उभा भाग, अशा एका बुंध्यावर आदळला. मशीन झटक्याने वर उचलले गेले, पंखा पाण्याबाहेर येऊन मोठ्याने घोंगावला, आणि मग मशीन पुन्हा खाली बसले. कोणाला काही झाले नाही. परंतु त्यानंतर वाचताना लक्षात आले की, जास्त वेगात असा आघात झाला तर मशीनचे ब्रॅकेट मोडून संपूर्ण ओबीएम चालू पंख्यासह बोटीच्या आत उलटू शकते, आणि परदेशात अशा अपघातांत मागे बसलेली माणसे दगावलेली आहेत. मशीन बोटीत येऊ नये म्हणून ते पट्ट्याने किंवा दोराने ट्रान्समला, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीला, बांधून ठेवण्याची पद्धत तिकडे काही जण वापरतात, असेही वाचनात आले.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, बोहरी आळीतून ८ मिलिमीटरची स्टीलची साखळी आणून मशीनच्या ब्रॅकेटला आणि ट्रान्समला जोडली की काम झाले. मला हे इतके सोपे वाटत नाही. साखळी चालेल का, की दोर हवा? बांधायचे नेमके कोठे? आणि अशा बांधणीमुळे एखादा नवाच धोका उभा राहतो का? ज्यांना यंत्रांचे किंवा बोटींचे प्रत्यक्ष ज्ञान आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ : भोसरीचा_फिटर

आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि साखळीविषयी आपल्या मनात आलेली शंकाही योग्य आहे. मी बोटींच्या धंद्यातला नाही. माझे आयुष्य भोसरीत यंत्रांचे सुटे भाग आणि त्यांच्या चाचण्या यांत गेले आहे. तरीही ओबीएमचे टिल्ट सिलिंडर दुरुस्तीसाठी हाताखालून गेलेले असल्यामुळे त्यांच्या रचनेविषयी खात्रीने लिहू शकतो.

प्रथम हे समजून घ्यावे की ओबीएम ट्रान्समला पक्के जखडलेले नसते, आणि ते तसे नसणे हेच त्याचे पहिले संरक्षण आहे. ट्रान्समला बोल्टने बसते ते क्लॅम्प ब्रॅकेट. त्यात वरच्या बाजूला एक आडवी नळी असते, आणि त्या नळीभोवती बाकीचे सगळे मशीन दारासारखे वर-खाली फिरते. लेग एखाद्या खोडावर आदळला की तो मागे आणि वर उचलला जावा, खोडावरून सरकून जावा, आणि मग मशीनने पुन्हा जागेवर यावे, अशी मूळ योजना असते. हाताने टिल्ट करायच्या लहान मशीनमध्ये पुढच्या गिअरमध्ये ही हालचाल मोकळी असते आणि केवळ रिव्हर्समध्ये अडकण बसते. आपल्यासारख्या हायड्रॉलिक टिल्टच्या मशीनमध्ये सिलिंडरच्या पिस्टनमध्ये लहान लहान शॉक व्हॉल्व्ह असतात. साधारण भाराखाली ते बंद राहतात. अचानक मोठा दाब आला तर उघडतात, तेल बारीक छिद्रांतून जोराने पलीकडे जाते आणि आघाताची ऊर्जा उष्णतेत खर्च होते. आपल्या बुंध्याच्या प्रसंगी मशीन वर जाऊन शांतपणे खाली बसले, ते या व्हॉल्व्हमुळे.

आता ही व्यवस्था कोठे अपुरी पडते ते पाहू. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण कळण्यास पुरेसे आहेत. मशीनचे वजन १०० किलो धरा. फिरण्याच्या नळीपासून आघाताची जागा ०.९ मीटर खाली धरा. मशीनचे वजन त्या नळीभोवती सरासरी अर्ध्या मीटरच्या अंतरावर पसरलेले आहे असे माना. बोट ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात असताना लेगचे टोक खोडाला अडून जागीच थांबले, तर मशीनला मिळणारी फिरण्याची ऊर्जा सुमारे १५०० ज्यूल येते, म्हणजे १०० किलोचे वजन दीड मीटर उचलण्याइतकी. ताशी १८ किलोमीटरला हीच ऊर्जा ४०० ज्यूलच्या आत राहते आणि ताशी ५४ किलोमीटरला साडेतीन हजारांच्या जवळ जाते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, हळू असताना सहज निभावलेल्या प्रसंगावरून भरधाव वेगातल्या प्रसंगाचा अंदाज बांधू नये.

शॉक व्हॉल्व्हना पचवता येईल त्यापेक्षा जास्त ऊर्जा आली, किंवा धक्का इतका अचानक आला की तेलाला वाट मिळायला वेळच उरला नाही, तर पिस्टन आपल्या शेवटच्या टोकाला जाऊन थडकतो आणि उरलेला सगळा भार धातूवर येतो. मग जो भाग सर्वांत अशक्त असेल तो तुटतो: कधी ब्रॅकेटचे ओतीव ॲल्युमिनियम, कधी ती आडवी नळी, कधी ट्रान्समचे बोल्ट, तर कधी खुद्द ट्रान्समच. तुटल्यानंतर मशीनची गती संपलेली नसते. इंजिनाचे जड डोके पुढे आणि खाली येते, लेग वरून फिरून बोटीत येतो, आणि पंख्यावर पाण्याचा भार न राहिल्यामुळे इंजिन चालूच असेल तर पंखा नेहमीपेक्षाही जोरात फिरत असतो. त्याचबरोबर पेट्रोलची नळी तुटलेली असते आणि बॅटरीच्या तारा ओढल्या गेलेल्या असतात, म्हणजे आगीचीही सोय होते.

आता आपल्या साखळीकडे येतो. मशीनच्या ब्रॅकेटला साखळी जोडायची, असे आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे आहे. परंतु जो भाग तुटण्याची भीती आहे त्यालाच बांधले, तर तुटल्यावर साखळीच्या टोकाला ब्रॅकेटचा तुकडा राहील आणि मशीन बोटीत येईल. बांधणीचे एक टोक ब्रॅकेटच्या पलीकडे, मशीनच्या लेगच्या वरच्या भरीव भागाभोवती असले पाहिजे. वरच्या झाकणाला तर मुळीच बांधू नये, कारण ते प्लॅस्टिकचे किंवा फायबरचे असते. दुसरे टोक ट्रान्समला हवे, पण मशीन ज्या बोल्टवर बसले आहे त्या बोल्टांना नको. त्यासाठी स्वतंत्र यू-बोल्ट (इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे बोल्ट) आणि आतल्या बाजूने स्वतंत्र मोठी पट्टी हवी.

दुसरा दोष असा की साखळी ताणली जात नाही. वरचे १५०० ज्यूल ५ सेंटिमीटरच्या अंतरात थांबवायचे झाले तर सरासरी बल ३ टनांचे येते, आणि ताण हळूहळू चढत गेला तर शेवटचे टोक त्याच्या दुपटीचे असू शकते. तेच २५ सेंटिमीटरमध्ये थांबवले तर सरासरी ६०० किलोंवर येते. म्हणून मजबूत साखळी निवडण्याचा परिणाम एवढाच होईल की साखळीऐवजी ट्रान्सम फाटेल. कारखान्यात उंचीवर काम करणाऱ्यांच्या हार्नेसला जो शिवणीचा शॉक ॲब्झॉर्बर लावतात, त्याचे तत्त्व येथे हवे आहे. पडणाऱ्या माणसाचे बल ६ किलोन्यूटनच्या आत राहावे म्हणून त्यातली शिवण टप्प्याटप्प्याने उसवत जाते. मात्र तेथे उसवायला पावणेदोन मीटरपर्यंत जागा मिळते. आपल्याकडे मशीन आणि माणसाची पाठ यांच्यात वीतभर जागा आहे, त्यामुळे तो पट्टा जसाच्या तसा आणून बांधण्यात अर्थ नाही.

लांबीविषयीही एक गोष्ट लिहितो. बांधणी अशी असावी की मशीन पूर्ण टिल्ट केले आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवले तरी ती जेमतेम सैल राहील. त्याहून आखूड केली तर शॉक व्हॉल्व्हचे काम अडेल आणि आपणच नवा अपघात निर्माण कराल. त्याहून फार सैल ठेवली तर तुटलेल्या मशीनला धाव घ्यायला अंतर मिळेल आणि झटका वाढेल. शिवाय एकच दोर मधोमध लावण्यापेक्षा दोन्ही अंगांना एकेक लावावा, कारण ब्रॅकेट मोडल्यावर मशीन सरळ रेषेतच येईल याची शाश्वती नसते. एका दोरावर ते गोल फिरून बाजूने आत येऊ शकते.

प्रतिसाद २ : सहकारनगर_४११००९

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु एवढ्या खटाटोपापेक्षा पंख्याभोवती संरक्षक जाळी बसवणे सोपे नाही का? मशीन बोटीत आले तरी पंखा कोणाला लागणार नाही. आणि पंख्याच्या आत रबराचे हब असते, ते आघात सोसण्यासाठीच असते ना?

प्रतिसाद ३ : भोसरीचा_फिटर

जाळीने पंख्याचा स्पर्श काही अंशी टळेल, हे खरे आहे, आणि पाण्यात पोहणारी माणसे जवळ असतील अशा बचावकार्यात तिचा उपयोगही आहे. परंतु १०० किलोचे ओतीव लोखंड-ॲल्युमिनियम माणसाच्या डोक्यावर किंवा पाठीवर येणे ही दुखापत पंख्याशिवायही जीवघेणी आहे. शिवाय जाळीमुळे लेगचा खालचा भाग रुंद होतो आणि खोडावरून सरकून जाण्याऐवजी त्यात अडकण्याची शक्यता वाढते.

रबरी हबविषयी अनेकांचा गैरसमज असतो. पंख्याचे पाते एखाद्या वस्तूवर आदळले तर गिअर तुटू नयेत म्हणून ते हब घसरते. जुन्या मशीनमध्ये हेच काम शिअर पिन, म्हणजे धक्क्याने मुद्दाम तुटणारी खिळी, करीत असे. ते संरक्षण गिअरपुरते आहे. लेगच खोडावर आदळतो तेव्हा हबचा त्याच्याशी काही संबंध येत नाही.

प्रतिसाद ४ : मुठाकाठ

मी पूर आणि बुडीत अपघातांतल्या बचावकार्याचे प्रशिक्षण घेतले असून आता नव्या स्वयंसेवकांना बोट चालवायला शिकवतो. आमच्या बोटी हवेच्या, म्हणजे हवा भरून फुगवायच्या, असतात आणि मशीन हाताने वळवायचे असते, त्यामुळे आपल्या बोटीशी सर्वच बाबी जुळणार नाहीत. तरीही दोन-तीन गोष्टी आवर्जून लिहाव्याशा वाटतात, कारण दोर कसा बांधावा या चर्चेत त्या मागे पडू नयेत.

मागच्या फळीवरची जागा बंद करावी. यावर माझे मत ठाम आहे. दोर असो वा नसो, बोट वेगात असताना मशीनच्या पुढच्या एका मीटरच्या पट्ट्यात प्रवासी नसावा. नोंदी घेताना बोट थांबलेली किंवा रेंगाळत असते, तेव्हा विद्यार्थी मागे बसले तरी चालेल. पण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना सर्वांना पुढे आणावे. अर्थात सगळे नाळेवर गेले तर बोटीचे नाक दबेल, म्हणून पेट्रोलची टाकी आणि सामान मागे न्यावे लागेल. माणसे आणि सामान यांची अदलाबदल करायला एक पैसाही लागत नाही.

किल कॉर्डविषयी. बोट चालवणारा जागेवरून फेकला गेला की ही दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडते. अमेरिकेत २६ फुटांहून लहान अशा बहुतेक मोटार बोटींवर ती वापरणे १ एप्रिल २०२१ पासून कायद्याने बंधनकारक झाले आहे, आणि आपल्याकडेही तिच्याशिवाय बोट सुरू करू नये असे मी प्रत्येक तुकडीला सांगतो. परंतु आपण विचारलेल्या प्रसंगात तिची एक उणीव आहे ती पाहावी: मशीन आत उलटले आणि चालक मात्र आपल्या जागीच राहिला, तर किल कॉर्ड ओढली जाणार नाही. पंखा फिरत राहील. म्हणून मशीन आपल्या नेहमीच्या टिल्टच्या पलीकडे गेले की इंजिन आपोआप बंद व्हावे, यासाठी ट्रान्समवर दुसरा किल स्विच बसवून त्याची छोटी दोरी मशीनला बांधण्याचा विचार करावा. अनेक ओबीएममध्ये इंजिन बंद करण्याची तार अर्थला जोडली की इंजिन थांबते, अशा वेळी दुसरा स्विच पहिल्याला समांतर जोडता येतो. पण सर्वच मशीनमध्ये तसे नसते. आपल्या मशीनचा तारांचा नकाशा पाहूनच जाणकार मेकॅनिककडून हे काम करून घ्यावे.

वेगाविषयी वरच्या प्रतिसादात आकडे आले आहेतच. आमचा अनुभव त्यांना दुजोरा देतो. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले, तेव्हा ज्यांनी तेथे बोटी पाहिल्या असतील त्यांना आठवेल की अशा गढूळ पाण्याखाली कुंपणाच्या भिंती असतात, फाटकांचे लोखंडी गज असतात, उभ्या केलेल्या दुचाकी असतात. अशा पाण्यात आम्ही मशीन अर्धे वर उचलून, चालण्याच्या गतीने जातो आणि शक्य तेथे मशीन बंद करून वल्ही वापरतो. उजनीत मोकळ्या पाण्यात आपण वेग वाढवाल हे समजू शकते, परंतु तो कोठे वाढवायचा हे पाण्याच्या पातळीवर ठरवावे. धरण भरलेले असताना आणि पातळी उतरल्यावर जीपीएसवर दोन वेगळ्या वाटा आखून ठेवाव्यात. खोली दाखवणारे यंत्र बोटीच्या खालचे पाणी दाखवते, पुढचे नाही. खोड स्क्रीनवर उमटेल तेव्हा ते लेगपाशी पोहोचलेले असेल. त्या पट्ट्यातल्या मासेमारांना बुडालेली झाडे आणि विहिरी ठाऊक असतात. पातळी उतरू लागली की त्यांच्यापैकी एकाला मानधन देऊन बोटीवर घ्यावे, असे मी सुचवेन.

हवेच्या बोटींवरची लहान मशीन केवळ दोन स्क्रूच्या पकडीवर बसतात आणि धक्क्याने ती सुटून पाण्यात पडतात. त्यासाठी जी दोरी बांधतात ती मशीन हरवू नये म्हणून असते. तिला आणि आपण विचारलेल्या बांधणीला एकच समजू नये.

प्रतिसाद ५ : कातळवाट

मी गिर्यारोहक आहे आणि दोर हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून केवळ दोराविषयी लिहितो.

अचानक आलेली ऊर्जा किती पचेल हे दोराच्या मजबुतीइतकेच त्याच्या ताणावर आणि लांबीवर अवलंबून असते. कड्यावर पडणाऱ्या माणसाला धरण्यासाठी आम्ही जो डायनॅमिक दोर वापरतो, तो पहिल्या झटक्याला ३० टक्क्यांच्या आसपास ताणला जातो, आणि मानकानुसार त्या चाचणीत दोरावरचे बल १२ किलोन्यूटनच्या आत राहावे लागते. स्टॅटिक दोर मजबूत असूनही त्यावर पडणे धोक्याचे मानतात, कारण तो ताणला जात नाही. हेच आपल्या मशीनला लागू आहे.

परदेशी बोटींवर अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचा, म्हणजे डायनीमा जातीचा दोर वापरलेला आपण पाहिला असेल. तो वजनाच्या मानाने अतिशय बळकट असतो आणि पाणी शोषत नाही, पण तुटेपर्यंत तीन-चार टक्केच ताणला जातो. त्यामुळे तो एकट्याने वापरला तर साखळीचाच दोष त्यात येतो. ऊर्जा पचवणारा वेगळा घटक त्याच्या जोडीला हवा. शिवाय तो १५० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, म्हणून एक्झॉस्टच्या गरम भागापासून दूर ठेवावा लागतो. नायलॉन चांगला ताणला जातो आणि त्याचा वितळण्याचा बिंदूही बराच वर आहे, पण ओला झाल्यावर त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी घटते. आपल्या कामासाठी मी नायलॉनच निवडेन आणि ही घट धरून जाड घेईन. १२ मिलिमीटरचा चांगला नायलॉन दोर नवा असताना ३ टनांच्या आसपास तुटतो. त्यात गाठ मारली की तिसरा हिस्सा ते निम्मी ताकद जाते. त्याऐवजी पीळ उलगडून डोळा विणला, म्हणजे स्प्लाइस केला, तर जवळजवळ सगळी टिकते. म्हणून टोकांना गाठी नकोत, विणलेले डोळे हवेत, आणि डोळ्याच्या आत धातूची खोबण असावी. जोडायला आमच्या ॲल्युमिनियमच्या कॅराबिनर (गिर्यारोहणातल्या उघडमिटीच्या कड्या) वापरू नयेत. स्टेनलेस स्टीलचे शॅकल (पिनने बंद होणारे कडे) घ्यावेत आणि त्यांची पिन तारेने बांधून टाकावी.

लांबी वाढवता येईल तेवढी वाढवावी, परंतु सैलपणा वाढवून नव्हे. ६० सेंटिमीटरचा दोर ३० टक्के ताणला गेला तर १८ सेंटिमीटर मिळतात. ९० सेंटिमीटरचा असेल तर २७. ट्रान्समच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या कोपऱ्यांत यू-बोल्ट बसवून तेथून दोर तिरपा वर लेगपर्यंत आणला, तर मधोमध जवळ बसवण्यापेक्षा जास्त लांबी मिळते आणि मशीन पुढे झेपावताना ओढही योग्य दिशेने, मागे आणि खाली लागते.

उन्हाने नायलॉन कुजतो, आणि उजनीवरचे एप्रिल-मेचे ऊन काही सौम्य नसते. दोरावर कापडी नळी चढवावी, बोट उभी असताना तो झाकून ठेवावा, आणि दर हंगामाच्या सुरुवातीला नवा घालावा. एकदा मोठा झटका खाल्लेला दोर बाहेरून धड दिसला तरी पुन्हा वापरू नये. याबाबतीत आम्ही कड्यावर तडजोड करीत नाही आणि आपणही करू नये.

पाणथळ_पुणे (प्रश्नकर्त्या)

सर्वांचे मनापासून आभार. साखळीचा विचार सोडून दिला आहे. मागच्या फळीवर वेगात असताना कोणी बसणार नाही, हा नियम आजच गटाला कळवला. विद्यार्थ्यांच्या पालकांना मी गेली काही वर्षे "बोट सुरक्षित आहे" असे सांगत आले आहे आणि ते शब्द खरे असावेत अशी माझी इच्छा आहे, म्हणून दोरही लावणारच.

या चर्चेनंतर एका मित्राला घेऊन ट्रान्सम तपासला. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवुड आहे. मशीनच्या खालच्या दोन बोल्टांजवळ बोटाने ठोकल्यावर इतर ठिकाणांपेक्षा बद्द आवाज येतो आणि एका बोल्टच्या कडेने तपकिरी पाणी झिरपल्याची खूण आहे. हे गंभीर आहे का? आणि यू-बोल्टच्या मागे लावायची पट्टी किती मोठी असावी?

प्रतिसाद ६ : भोसरीचा_फिटर

ताई, हे गंभीर आहे, आणि हे दुरुस्त होईपर्यंत बोट वेगात चालवू नये. बोल्टच्या भोकातून पाणी आत जाऊन प्लायवुड कुजले आहे, असाच या दोन खुणांचा अर्थ होतो. अशा ट्रान्समवर चांगल्यात चांगला दोर लावला तरी आघाताच्या वेळी यू-बोल्ट पट्टीसकट बाहेर निघेल. किंवा मशीन, ब्रॅकेट आणि फळीचा तुकडा असे सगळे एकत्र सुटेल आणि त्या भगदाडातून पाणी आत येईल.

मशीन उतरवून सगळे बोल्ट काढावेत. भोकांतून पातळ ड्रिल थोडे थोडे आत घालून भुसा पाहावा. तो कोरडा आणि फिकट निघाला तर लाकूड शाबूत आहे. काळा, ओलसर आणि चिकट निघाला तर तेवढा भाग कापून काढावा लागेल. वर नुसता फायबरचा थर चढवून कोणी देऊ लागले तर घेऊ नये. आतले कुजलेले लाकूड काढून सागरी प्लायवुड एपॉक्सीने बसवून मग फायबर करणे, हीच खरी दुरुस्ती. प्रत्येक नवे भोक आवश्यकतेपेक्षा मोठे पाडून, एपॉक्सीने भरून, ते वाळल्यावर त्यातून बोल्टच्या मापाचे भोक पाडावे, म्हणजे पाणी पुन्हा लाकडापर्यंत पोहोचणार नाही.

पट्टीसाठी मी ६ मिलिमीटर जाडीची स्टेनलेस किंवा १० मिलिमीटरची सागरी प्रतीची ॲल्युमिनियम पट्टी घेईन. दोन्ही यू-बोल्टांसाठी वेगवेगळे छोटे तुकडे न वापरता, जागा असेल तर ट्रान्समच्या आतून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाणारी एकच लांब पट्टी घालावी, म्हणजे भार बाजूच्या भिंतींपर्यंत पसरेल. ॲल्युमिनियम घेतल्यास स्टेनलेसच्या बोल्टखाली प्लॅस्टिकची चकती आणि सीलंट घालावे, नाहीतर दोन धातूंच्या संपर्काने ॲल्युमिनियम खात जाते. पट्टीच्या कडा घासून गोल कराव्यात. धारदार कड राहिली तर धक्क्याच्या वेळी तीच फायबर कापते.

मशीन उतरलेलेच असेल तेव्हा टिल्ट सिलिंडरचे तेलही पाहून घ्यावे. ते दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी गेले आहे. पातळी कमी असेल तर सिलिंडरमध्ये हवा आहे आणि शॉक व्हॉल्व्ह अपेक्षेप्रमाणे काम करणार नाहीत. ब्रॅकेटवरचा रंग जेथे फुगला असेल तेथे तो खरवडून खाली केसासारखी भेग आहे का हे भिंगाने पाहावे. मागच्या उन्हाळ्यातला तो धक्का या ब्रॅकेटने सोसलेला आहे, त्यामुळे शंका वाटली तर ब्रॅकेट बदलावे.

ट्रान्समची मापे, मशीनची पूर्ण टिल्टमधली स्थिती आणि दोन्ही बाजूंना वळवल्यावर लेग कोठे येतो, एवढे मोजून येथे लिहिलेत तर यू-बोल्टची जागा आणि दोराची लांबी यांचा कच्चा आराखडा काढून देईन. तो मुठाकाठ आणि कातळवाट यांनीही पाहावा, अशी विनंती आहे.

प्रतिसाद ७ : मुठाकाठ

आराखडा जरूर टाकावा, मी पाहीन. एक भर घालतो. दोरांनी मशीन मागे धरून ठेवले तरी ते तुटलेल्या अवस्थेत ट्रान्समवर लोंबकळत असेल, आणि १०० किलोंच्या ओढीने बोटीची मागची कड पाण्याजवळ येईल. अशा वेळी मशीन वाचवण्याच्या नादात सगळे जण मागे धावतात आणि बोट मागून पाणी घेते. म्हणून क्रम आधीच ठरवून ठेवावा: इंजिन बंद, पेट्रोलची नळी टाकीपासून सोडवणे, बॅटरीचा मुख्य स्विच बंद, आणि चालक सोडून बाकी सर्व जण पुढेच बसून राहतील. दोर कापण्यासाठी एक धारदार सुरी चालकाच्या लाइफ जॅकेटला बांधलेली असावी. मशीनमुळे बोट बुडू लागली तर मशीन सोडून द्यायचे, हा निर्णय त्याला कोणाला न विचारता घेता आला पाहिजे. दुरुस्तीनंतर बोट पाण्यात घ्याल तेव्हा किनाऱ्याजवळ, मशीन बंद ठेवून, याचा सराव विद्यार्थ्यांसह करून घ्यावा. मी येऊ शकेन.